विज्ञानाचा तास आणि देणगीचा हिशेब

शाळेला देणगी देण्याची आपल्या समाजातील परंपरा जुनी आहे. पेढी स्थिरावली, मुले हाताशी आली, की घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या मनात आपण शिकलो त्या शाळेचा विचार येऊ लागतो. पूर्वी अशी देणगी वर्गखोलीसाठी, पाण्याच्या टाकीसाठी किंवा ग्रंथालयाच्या कपाटांसाठी दिली जात असे. गेल्या काही वर्षांत मात्र देणगीदाराच्या तोंडी प्रथम येतो तो शब्द म्हणजे डिजिटल फळा. भिंतभर चकचकीत पडदा, त्यावर बोटाने लिहिण्याची सोय, आणि खाली आजोबांच्या नावाची पितळी पाटी. यातील हेतू निःसंशय उत्तम असतो. परंतु हेतू उत्तम असला म्हणजे विनियोगही उत्तम होतोच असे नाही. ज्याने कर्जवाटपाच्या टेबलावर आयुष्य काढले आहे, त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

निवृत्तीनंतर एका माध्यमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीवर खजिनदार म्हणून काम करण्याचा योग मला आला. दोन वर्षांपूर्वी एका व्यापारी कुटुंबाने या शाळेला सहा लाख रुपयांची देणगी देऊ केली. विषय निश्चित होता : विज्ञान शिक्षण. दीड लाखाला एक याप्रमाणे चार डिजिटल फळ्यांचे कोटेशन समितीपुढे आले होते आणि ठराव लिहिण्याचेच तेवढे बाकी होते. तेव्हा अध्यक्षांनी सहज म्हणून नववी-दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना बोलावून घेतले. बाईंची सेवा अठ्ठावीस वर्षांची. त्यांनी आठ दिवसांचा अवधी मागितला आणि आठ दिवसांनी त्या हाताने लिहिलेली दोन पाने घेऊन आल्या. त्या दोन पानांनी ठराव लांबणीवर पडला. त्यातील विचार देणगी देणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून आजचा लेख लिहीत आहे.

बाई तंत्रज्ञानाच्या विरोधक असाव्यात, अशी काहींची समजूत झाली होती. ती पहिल्याच वाक्यात दूर झाली. त्यांनी लिहिले होते, "जे वर्गात आणता येत नाही, ते पडद्यावर दाखवावे. जे आणता येते, ते मुलांच्या हातात द्यावे." साऱ्या टिपणाचा गाभा या दोन वाक्यांत होता, पुढे होती ती उदाहरणे.

वर्गात काय आणता येत नाही? चंद्र आणता येत नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले, तेव्हा देशभर असंख्य मुलांनी ते दृश्य पडद्यावर पाहिले. त्या क्षणी पडद्याची जागा दुसरे कोणतेही साधन घेऊ शकले नसते. अणू-रेणू आणता येत नाहीत, ज्वालामुखी आणता येत नाही, धडधडणारे हृदय उघडून दाखवता येत नाही. या शेवटच्या गोष्टीचा उल्लेख आपल्या वाचकांसाठी मुद्दाम करतो. एके काळी जीवशास्त्र शिकायचे म्हणजे बेडूक, झुरळ यांचे विच्छेदन करणे ओघानेच येई आणि आपल्या घरांतील अनेक मुले-मुली केवळ त्यासाठी ही शाखा टाळत असत. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांतील विच्छेदन बंद केले. संगणकावरील प्रतिकृती उपलब्ध झाल्यामुळे हा निर्णय सुकर झाला. तंत्रज्ञानाने कोणाचे तरी प्राण वाचवले आणि शिक्षणही थांबू दिले नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

यानंतर बाईंनी दहावीच्या 'विद्युतधारेचे परिणाम' या पाठाची हकीकत लिहिली होती. काही वर्षांपूर्वी त्यांनी वर्गात एक सुंदर चलचित्र दाखवले. तारेतून निळे ठिपके धावत आहेत, ते दिव्यात शिरतात, दिवा उजळतो. मुलांनी माना डोलावल्या. बाईंनी विचारले, "दिव्याच्या अलीकडच्या तारेत जेवढा प्रवाह आहे, तेवढाच पलीकडच्या तारेत असेल का?" निम्म्याहून अधिक मुलांचे उत्तर आले की पलीकडे कमी असेल, कारण दिव्याने वीज खाल्ली. चित्र डोळ्यांपुढून सरकले होते, परंतु मुळातील समजूत जागची हलली नव्हती. हा गैरसमज एकाच शाळेतला नाही. जगभरातील विज्ञान शिक्षकांना तो परिचित आहे. दिवा ऊर्जा वापरतो, प्रवाह गिळत नाही, हा भेद ऐकून कळत नाही. तो स्वतः मोजल्याशिवाय पटत नाही.

म्हणून त्यांनी पद्धत बदलली. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वायमन या शास्त्रज्ञाने २००२ साली 'फेट' नावाचा प्रकल्प सुरू केला. वायमन यांना २००१ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळालेले होते. या प्रकल्पात विज्ञान व गणिताच्या संकल्पनांवरील संगणकीय प्रतिकृती तयार करून त्या विनामूल्य उपलब्ध करून दिल्या जातात. त्यांतील बऱ्याच प्रतिकृती मराठीतूनही वापरता येतात आणि एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटवाचूनही चालतात. त्यांत एक परिपथ जोडण्याची पेटी आहे. विद्यार्थी पडद्यावर विद्युतघट, तारा, दिवे आणि ॲमीटर हवे तसे जोडतो. चूक झाली तर काही जळत नाही. बाईंचा नियम असा, की परिपथ सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत आपला अंदाज लिहायचा आणि मगच कळ दाबायची. अंदाज चुकला की मुलगा पडद्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो. नुसते चलचित्र पाहणे आणि पैज लावून प्रतिकृती चालवणे, यांतील अंतर एवढेच, पण ते फार मोठे आहे.

पडद्यावरील प्रयोग हा खऱ्या प्रयोगाचा गरीब भाऊ होय, असे आपल्या पिढीला वाटते. तेही सर्वस्वी खरे नाही. कोलोरॅडोमध्येच महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने खऱ्या तारा आणि दिवे वापरले, दुसऱ्याने प्रतिकृती. पुढे दोन्ही गटांना खरा परिपथ जोडायला सांगितल्यावर प्रतिकृती वापरणारा गट सरस ठरला. प्रतिकृतीत सैल तारा आणि गंजलेली टोके यांचा व्यत्यय नसतो. लक्ष नेमके संकल्पनेवर राहते.

मग खरी उपकरणे हवीत तरी कशाला? येथे बाईंनी जे लिहिले होते ते मला सर्वांत मोलाचे वाटले. पडद्यानंतर त्या मुलांना खरे साहित्य देतात : दोन घट, बॅटरीतला छोटा दिवा आणि दोन ॲमीटर, एक दिव्याच्या अलीकडे, एक पलीकडे. पडद्यावर दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आले होते. प्रत्यक्षात एकाने ०.२८ अँपिअर दाखवले, दुसऱ्याने ०.२७. वर्गात एकच गलका. "बाई, ०.०१ दिव्याने खाल्लेच की!" बाई उत्तर देत नाहीत. त्या विचारतात, "हे कसे तपासाल?" कधी पाच मिनिटांनी, कधी पंधरा मिनिटांनी, कोणीतरी म्हणतो, की दोन्ही ॲमीटरची अदलाबदल करून पाहू. अदलाबदल होते आणि ०.२७ हा आकडा जागा सोडून यंत्राबरोबर दिव्याच्या अलीकडे येतो. म्हणजे उणीव प्रवाहात नव्हती. मोजणाऱ्या यंत्रात होती. "या क्षणी विज्ञान सुरू होते," असे त्यांनी त्या परिच्छेदाखाली लिहिले होते.

वाचकहो, हा प्रसंग वाचताना मला गोदाम तपासणीची आठवण झाली. कॅश क्रेडिट खाते असलेला व्यापारी बँकेला दरमहा स्टॉक स्टेटमेंट देतो. कागदावर पोती, वजन, भाव, सारे जुळलेले असते. तरीही बँकेचा अधिकारी अधूनमधून गोदामात जाऊन थप्पी मोजतो. फरक निघाला म्हणजे व्यापारी लबाडच असतो असे नाही. धान्य वाळून वजन घटते, ओलाव्याने वाढते, काट्यात दोष असतो, उंदीर आपला हिस्सा घेऊन जातात. फरक का पडला हे शोधता येणे, यातच व्यापाराची जाण आहे. पडद्यावरची प्रतिकृती हा पुस्तकी साठा होय आणि प्रयोगशाळेतील टेबल हे गोदाम. पुस्तके नीट नसतील तर गोदामात गोंधळ होतो. आणि गोदाम कधीच न पाहणारा मुनीम पेढी बुडवतो. आपल्या मुलांना दोन्ही साठे दाखवले पाहिजेत आणि त्यांच्यातील फरकाचा जाब विचारायला शिकवले पाहिजे.

टिपणाचा पुढचा भाग मोबाइल फोनविषयी होता, आणि समितीतील मंडळी येथे सावरून बसली. शाळेत फोन नको, यावर सर्वांचे एकमत होते. बाईंचे म्हणणे असे, की फोन हा गप्पा मारण्याचे यंत्र म्हणून शाळेत नको, मोजमापाचे उपकरण म्हणून हवा. साध्या फोनमध्येही ध्वनी, गती, चुंबकीय क्षेत्र किंवा प्रकाश मोजणारे संवेदक असतात. जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठाने २०१६ साली 'फायफॉक्स' नावाचे विनामूल्य ॲप उपलब्ध केले. ते या संवेदकांची नोंद आकड्यांत आणि आलेखांत दाखवते. सिमकार्ड नसलेला जुना फोनही त्यासाठी पुरतो.

नववीला ध्वनीचा पाठ आहे. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या घरात असतो, हे मुले पाठ करतात. तो मोजता येतो, हे त्यांच्या स्वप्नातही नसते. बाईंचा प्रयोग असा : शाळेच्या व्हरांड्यात पाच मीटर अंतरावर दोन फोन ठेवायचे. दोन्हींवर आवाजाने सुरू होणारे आणि आवाजानेच थांबणारे घड्याळ लावायचे. पहिल्या फोनजवळचा मुलगा टाळी वाजवतो. त्याचा फोन लगेच सुरू होतो. दुसरा किंचित उशिरा, कारण आवाजाला पाच मीटर चालून जावे लागते. मग दुसऱ्या फोनजवळची मुलगी टाळी वाजवते. तिचा फोन लगेच थांबतो, पहिला किंचित उशिरा. म्हणजे पहिल्या घड्याळाने जो अधिक काळ दाखवला, तो आवाजाला जाण्या-येण्याचे दहा मीटर अंतर कापायला लागलेला काळ. तो सुमारे ०.०२९ सेकंद येतो. दहाला ०.०२९ ने भागले की उत्तर सुमारे ३४५. पाठ्यपुस्तकातील आकडा व्हरांड्यात उभा राहतो.

या प्रयोगाचा एक अनपेक्षित लाभही बाईंनी नोंदवला होता. कोणी खोकले तरी घड्याळ बिघडते. त्यामुळे शाळेतील सर्वांत दंगेखोर तुकडी त्या वेळी श्वास रोखून उभी असते. शिस्तीसाठी छडी लागत नाही. उत्तर हवे असले की शिस्त आपोआप येते.

तिसरी गोष्ट तर विजेवरही चालत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझूर या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९९१ पासून एक पद्धत रूढ केली. शिक्षक चार पर्यायांचा एक प्रश्न विचारतो. प्रत्येक विद्यार्थी स्वतः विचार करून मत देतो. मग शेजाऱ्याला आपले उत्तर पटवण्याचा प्रयत्न करतो आणि त्यानंतर पुन्हा मत घेतले जाते. मते गोळा करण्यासाठी बटणांची महाग यंत्रे मिळतात. बाईंनी त्याऐवजी पुठ्ठ्याचे चार रंगांचे तुकडे कापून प्रत्येक मुलाला दिले. साठ मुलांनी एकदम रंग वर केले, की कोणाला काय कळले आहे हे एका दृष्टिक्षेपात दिसते. मागच्या बाकावरचा मुलगाही मत दिल्याशिवाय सुटत नाही. बाईंच्या मते शिक्षकाला तंत्रज्ञानाकडून मुख्यतः हेच हवे असते : मुलाच्या डोक्यात या क्षणी काय चालले आहे ते दिसावे. ते पुठ्ठ्याने दिसत असेल तर पुठ्ठाही तंत्रज्ञानच.

आता थोडा इतिहास. शाळेचा कायापालट करणारे यंत्र आले, अशी घोषणा आजवर अनेकदा झालेली आहे. थॉमस एडिसन यांनी १९१३ साली असे भाकीत केले होते, की चित्रपटांमुळे शाळांतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील आणि दहा वर्षांत शिक्षणपद्धती पूर्णपणे बदलून जाईल. शंभराहून अधिक वर्षे लोटली, पुस्तके अजून आहेत. आपल्या देशात १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात 'साइट' हा उपग्रह दूरदर्शनचा भव्य प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता आणि सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक दूरदर्शन संच बसवले होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या, सुमारे तीन मीटर व्यासाच्या छत्र्या 'इस्रो'च्या अभियंत्यांनी त्यासाठी तयार केल्या होत्या. दिवसा शाळेतील मुलांसाठी कार्यक्रम असत. त्या उपक्रमातील एक गोष्ट आजही शिकण्यासारखी आहे. संच बसवण्याइतकाच विचार तो चालू ठेवण्याचा केला होता. दुरुस्तीची केंद्रे आणि पथके आधीपासून नेमलेली होती.

जेथे हा विचार झाला नाही, तेथील अनुभव निराशेचा आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे आढळले, की ज्या देशांनी शाळांतील संगणकांवर मोठी गुंतवणूक केली, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वाचन, गणित व विज्ञानातील आंतरराष्ट्रीय चाचणीच्या निकालांत लक्षणीय सुधारणा दिसली नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाचा विषयच तंत्रज्ञान हा होता. शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या परिणामांविषयी निःपक्ष पुरावा फार थोडा आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आणि अशी उत्पादने सरासरी दर ३६ महिन्यांनी बदलतात, असेही नमूद केले आहे.

छत्तीस महिन्यांचा हा आकडा व्यापाऱ्याने मनात ठेवावा असा आहे. आपल्या ताळेबंदात संगणकावर घसारा ४० टक्के दराने धरला जातो. एक लाखाचा संगणक तीन वर्षांनी पुस्तकात २१,६०० रुपयांचा उरतो, पाच वर्षांनी ७,७७६ रुपयांचा. फर्निचरवर मात्र १० टक्के. संगणकाचे आयुष्य थोडे, हे कायद्यानेच मान्य केले आहे. असे असता, जे यंत्र आपण आपल्या दुकानात पाच वर्षांत मोडीत काढतो, तेच शाळेत आजोबांची स्मृती म्हणून पिढ्यान्पिढ्या टिकेल, ही अपेक्षा कोणत्या हिशेबात बसते?

याच शाळेच्या एका खोलीत पूर्वीच्या एका योजनेतील यंत्रसामग्री कापडाखाली झाकून ठेवलेली होती. पहिली दोन वर्षे ती उत्तम चालली. तिसऱ्या वर्षी पाठांच्या परवान्याचे शुल्क भरण्याची वेळ आली. ते कोणी भरायचे, हे कोठेच लिहिलेले नव्हते. पडदा शाबूत, यंत्र शाबूत, पण आत काही उघडेना. भांडवली खर्चाला दाता मिळतो आणि चालू खर्च अनाथ राहतो, हा सार्वजनिक संस्थांचा जुना रोग आहे. शासनाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळेच्या मूळ योजनेतील एक तरतूद यासाठी मला शहाणपणाची वाटते. त्यातील वीस लाखांपर्यंतच्या अनुदानापैकी दहा लाख उभारणीसाठी आणि दहा लाख पाच वर्षांपर्यंतच्या चालू खर्चासाठी होते. म्हणजे एक रुपया वस्तूला, तर एक रुपया ती वापरात ठेवायला.

समितीत यावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी मांडलेला मुद्दा दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. ते म्हणाले, "बाई, तुमचे सारे पटते. पण एप्रिलमध्ये पालक शाळा पाहायला येतात. शेजारच्या शाळेत प्रत्येक वर्गात पडदा आहे. आपल्याकडे खडू. पट कमी झाला, तर संचमान्यतेत तुकडी जाईल आणि तुकडी गेली तर शिक्षकाचे पद जाईल. मग तुमचे ॲमीटर कोण शिकवणार?" खोलीत शांतता पसरली. मराठी माध्यमाच्या शाळा चालवणाऱ्या प्रत्येकाला ही भीती रात्री जागवते.

बाईंनी शांतपणे उत्तर दिले, "शेठजी, पालकांना रिकामा वर्ग दाखवला तर ते भिंतच पाहतील. एप्रिलमधल्या एका शनिवारी त्यांना प्रयोगशाळेत बोलवा. प्रयोग आमची मुले करून दाखवतील. पालक मुलांकडे पाहतील."

अखेर जो निर्णय झाला त्याचा हिशेब असा. एक हलवता येणारा प्रोजेक्टर व लॅपटॉप, १ लाख १० हजार. आठ गटांना पुरेल एवढे प्रयोगसाहित्य, १ लाख ४० हजार. प्रयोगशाळेतील वीजजोडणी व इन्व्हर्टर, ५० हजार. उरलेले ३ लाख मुदत ठेवीत. साडेसहा टक्के व्याज धरले तर वर्षाला १९,५०० रुपये. त्यातून रसायने, घट, दिवे आणि दुरुस्ती. फोन विकत घ्यायचे नाहीत. गावातील व्यापाऱ्यांच्या टेबलांच्या खणांत पडलेले जुने फोन मागायचे. देणगीदार कुटुंबातील थोरल्या भावांनी एवढेच विचारले, की पाटी कोठे लागणार. ती प्रयोगशाळेच्या दारावर लागली.

या गोष्टीला आता पहिले वर्ष पूर्ण झाले आहे. चमत्कार घडल्याचे मी सांगणार नाही. शाळेचा पट वाढलेला नाही. मात्र घटलाही नाही. तुकडी टिकली. एका मुलाने ॲमीटर थेट घटाला जोडला आणि तो जळाला. दोन फोन पडून फुटले. या तिन्ही वस्तूंची नोंद बाईंनी साठा-नोंदवहीत लाल शाईने केली आणि ॲमीटर व्याजाच्या रकमेतून आठवड्यात नवा आला. पूर्वी एवढ्यासाठी अर्ज, मंजुरी आणि पुढचे शैक्षणिक वर्ष लागत असे. जळलेल्या ॲमीटरच्या भीतीने कपाटाला कुलूप पडले नाही, हाच मला या व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ वाटतो. अनेक शाळांतील उपकरणे वापराने खराब होत नाहीत. जबाबदारीच्या भीतीने कपाटातच म्हातारी होतात.

एक काळजी मात्र उरली आहे. बाई पुढील वर्षी निवृत्त होत आहेत. प्रोजेक्टर हस्तांतरित करता येतो, मुदत ठेवही करता येते. अठ्ठावीस वर्षांत मिळवलेली प्रश्न विचारण्याची हातोटी हस्तांतरित करण्याचा अर्ज कोणत्याही बँकेत मिळत नाही. त्यांनी एक वही लिहायला घेतली आहे. कोणत्या पाठाला कोणता प्रश्न विचारावा, मुले कोठे अडखळतात, कोणते साहित्य गावात कोणत्या दुकानी मिळते, हे सारे त्यात आहे. शनिवारी दुपारी दोन तरुण शिक्षक त्यांच्याबरोबर प्रयोग मांडून पाहतात. त्यांच्या येण्या-जाण्याचा आणि प्रशिक्षणाचा खर्च समितीने मंजूर केला, तेव्हा एकाने विचारले की याची पाटी कशी लावणार. तशी पाटी लागत नाही हे खरे, परंतु सहा लाखांपैकी सर्वांत अधिक व्याज याच रकमेवर मिळेल असे माझे मत आहे.

शिक्षक हाच केंद्रबिंदू, हे सांगायला महाराष्ट्राबाहेर जाण्याचे कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० सालचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यामागे पाठ आणि कविता ठेवण्याची त्यांची कल्पना पुढे राज्यभर स्वीकारली गेली. तो काळ्या-पांढऱ्या चौकटींचा चौकोन जपानमध्ये १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी तयार झाला होता. साधन कारखान्याचे होते. ते शिक्षणाचे झाले, कारण मुलांना काय हवे हे जाणणारा शिक्षक त्यामागे होता. पारितोषिकाच्या दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली, हेही आपण लक्षात ठेवावे.

पुण्याच्या आयुका संस्थेच्या आवारात मुलांसाठी 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' आहे. तिची 'पुलस्त्य' ही वास्तू पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली. तेथे अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, जुन्या बाटल्या आणि वर्तमानपत्रे यांतून विज्ञानाची खेळणी घडवली आणि ती करण्याच्या कृती इंटरनेटवरून जगभर विनामूल्य पोहोचवल्या. वस्तू टाकाऊ, प्रसाराचे साधन अत्याधुनिक. दोहोंचा असा मेळ बसला की देणगीचे चीज होते.

म्हणून शाळेला विज्ञानासाठी देणगी देऊ इच्छिणाऱ्या आमच्या वाचकांना विनंती, की धनादेशावर सही करण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. हे साधन वर्गात कोण वापरणार, आणि त्या शिक्षकाला आपण विचारले आहे का? यामुळे मुले नुसती पाहतील, की हाताने करतील? तिसऱ्या वर्षीचे शुल्क, दुरुस्ती आणि वीज यांचा खर्च कोण देणार, आणि ते लेखी आहे का? वस्तू मोडली तर शिक्षकाच्या पगारातून वसुली होईल, की ती वापरली गेली म्हणून आपण समाधान मानू? आणि शेवटचा प्रश्न : वस्तूइतकीच रक्कम ती वापरणाऱ्या माणसावर खर्च करण्याची आपली तयारी आहे का? कर्ज देताना आम्ही तारण पाहत असू, पण त्याआधी कर्जदार पाहत असू. देणगीलाही तोच नियम लागू आहे.

ज्यांना एवढी मोठी रक्कम देणे शक्य नाही, त्यांनी निदान आपल्या दुकानाच्या टेबलाचा खालचा खण उघडून पाहावा. चार्ज होणारा, आवाज ऐकणारा एखादा जुना फोन तेथे असेलच. त्यातील आपली माहिती पूर्णपणे पुसावी, सिमकार्ड काढून घ्यावे आणि जवळच्या माध्यमिक शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांना तो नेऊन द्यावा. दोन फोन जमले की व्हरांड्यात ध्वनीचा वेग मोजता येतो.